स्टीम ज्युसरचा फॉरवर्ड आणि आत्याच्या फडताळातल्या बाटल्या

देवरुखच्या आत्याचा परवा फोन. "अरे, तो वाफेचा ज्युसर मागवला ना, त्याला चुंबक चिकटतंय. परत पाठवू का?" चुंबक कशाला लावलंस विचारलं तर म्हणाली, "ग्रुपवर आलंय." मग जाता जाता सांगितलं की गाजर-बिटाच्या रसाच्या बाटल्याही भरून फडताळात ठेवल्यात, वर्षभराची निश्चिंती. चुंबकाचं ऐकून हसू आलं होतं, बाटल्यांचं ऐकून ते पळालं.

तो फॉरवर्ड मलाही तीन ग्रुपांवर आलेला आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. चुंबक चिकटलं तर स्टील भेसळीचं. स्टील परवडत नसेल तर अॅल्युमिनियमचा घ्या, काही फरक नाही. वाफेमुळे जीवनसत्त्वं शंभर टक्के शाबूत. आणि कुठल्याही फळाचा, भाजीचा रस गरमागरम बाटलीत भरला की फ्रीजशिवाय, साखर-मिठाशिवाय वर्षभर टिकतो, कारण "आपल्या आज्या असंच करायच्या".

ज्यांनी हे भांडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मोदकपात्राचं उंच भावंड समजा. खाली पाणी, वर भोकांच्या चाळणीत फळं, मधल्या भांड्यात रस साठतो आणि नळीने बाहेर येतो. फिनलंडमध्ये बेरीच्या रसासाठी घरोघरी वापरतात. भांडं चांगलं आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही.

चुंबकाचं आधी उरकतो. चांगल्या भांड्यांचं 304 स्टील, म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. इथवर फॉरवर्डवाल्याचं बरोबर, देऊन टाकू त्याला. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेलं 200 मालिकेतलं स्वस्त स्टील असतं, त्यालाही चिकटत नाही! म्हणजे ज्याला पकडायला चुंबक काढलं तोच पास. उलट 430 स्टीलला चिकटतं आणि तेही स्टेनलेसच असतं, निकेल नसलेलं. शिवाय इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याचा तळ चुंबकाला चिकटलाच पाहिजे, नाहीतर शेगडी ते भांडं ओळखणारच नाही. आत्याकडे शेगडी कुठली? इंडक्शनची. चुंबक लावलं कुठे? तळाला. परत पाठवायला निघाली होती बाई.

मधल्या भांड्यात आंबट रस गरमागरम साठून राहतो, तिथे मात्र निकेलवालं स्टील असलेलं बरं. त्यासाठी चुंबक नको, 304 चा शिक्का बघा आणि बिल घ्या. भारतात बनलेलं असेल तर आयएसआय मार्क शोधा. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस 14756 आहे आणि मार्च 2024 मध्ये केंद्राने ते सक्तीचं करणारा आदेश काढला. नळी सिलिकॉनची हवी, तिची चिमटी घट्ट बसणारी हवी. उकळता रस पायावर सांडला की किंमत कळते. तळाचं भांडं मोठं हवं, म्हणजे पाणी आटून करपणार नाही.

अॅल्युमिनियमबद्दल एवढंच, की रातांबे (कोकमाची फळं), आवळा, करवंद यांचं आम्ल त्या धातूला खातं आणि धातू रसात उतरतो. कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकतं हे ज्या घरात सांगावं लागत नाही, तिथे हे का सांगावं लागतं?

जीवनसत्त्वं शंभर टक्के हा तर विनोद. पाऊण-एक तास वाफेत शिजलेल्या आवळ्याचं सी जीवनसत्त्व शाबूत कसं राहील? रंग छान उतरतो, फळ पाण्यात बुडत नाही, एवढं खरं. पण वाफेचं पाणी होऊन थोडं रसात मिसळतंच.

आता बाटल्या. इथे माझा आवाज चढणार आहे.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं, उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत. त्यांना दाबाखाली 121 अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती या भांड्यात कधीच येत नाही. पीएच 4.6 च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात, ते डोकं वर काढत नाहीत. गाजर, बीट, दुधी सगळी त्या रेषेच्या वरची. गरम रस भरून झाकण घट्ट लावलं की आत हवा राहत नाही, आणि हवा नसणं हेच त्या जिवाणूला हवं असतं. आत्या जितक्या नीटनेटकेपणाने बाटली बंद करेल तितकी त्याची सोय. तिथे वाढला की तो विष तयार करतो, आणि तरीही वास, चव, रंग काही सांगेलच असं नाही. आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, मग श्वास.

हे पुस्तकी वाटत असेल तर सप्टेंबर 2006 घ्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात तिघांनी एकत्र जेवताना गाजराचा रस घेतला आणि याच विषाने तिघेही व्हेंटिलेटरवर गेले. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने याची नोंद केली आहे. रस घरचा नव्हता, कारखान्यात पाश्चराइज केलेला होता. फक्त थंड ठेवायचा तो थंड राहिला नव्हता, असा निष्कर्ष निघाला. कारखान्याच्या रसाची ही गत, तर फडताळातल्या बाटलीचं काय?

आणि त्या आज्या! माझ्या आजीने गाजराचा रस जन्मात बाटलीत भरला नाही. तिचा आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, टिकायचा तो मिठावर. अमृत कोकम टिकायचं ते साखरेवर. रातांब्याच्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी दिवसेंदिवस उन्हात असायची. वर रातांबा मुळातच दात आंबवणारा. फॉरवर्डवाल्याने मीठ काढलं, साखर काढली, आंबटपणा काढला आणि आजीचं नाव तेवढं ठेवलं.

आत्याला सांगितलंय, ज्युसर ठेव, त्यात रातांबे, करवंदं, जांभळं घाल. भाजीचा रस काढलास तर लगेच फ्रीजमध्ये आणि दोन दिवसांत संपव. ती म्हणाली, "पाच बाटल्या आहेत रे, एक उघडून वास घेऊन बघते." घेऊ नकोस म्हटलं. रविवारी सकाळच्या एसटीने निघतोय, न उघडता बाटल्यांसकट टाकून येणार. तोवर फडताळाची किल्ली काकांकडे.