त्या दोन मुलींना एकच ओळ?

प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामून याच्या राणीवरची कादंबरी आज दुपारी संपवली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला! या राणीचे, अंखेसेनामूनचे केसांचे टोप, सुगंधी तेलं, सेनापतीशी नजरानजर, यावर पानंच्या पानं. तिच्या दोन मुली गेल्या, त्याला एक ओळ. पुढच्याच परिच्छेदात मेजवानी!

अरे, 1922 साली पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला तुतानखामूनची कबर सापडली, त्यात एका साध्या लाकडी पेटीत दोन चिमुकल्या शवपेट्या होत्या. एकीत साधारण पाच महिन्यांचा गर्भ, दुसरीत जवळजवळ दिवस भरत आलेला. दोन्ही मुली, बहुधा या दोघांच्याच. पेट्यांवर नाव नाही. कुठल्याही मृताला लावत तसं नुसतं 'ओसिरिस', म्हणजे मृतांच्या देवाचं नाव. नाव टिकलं तर माणूस टिकतो असं मानणाऱ्या देशात!

माझ्या थोरल्या आत्याची दोन बाळं अशीच गेली. तिच्या ट्रंकेत तळाशी दोन टोपडी होती. लहानपणी मी ती बाहेर काढली, तर ओरडली नाही, माझ्या हातातून घेतली आणि ट्रंक लावली. लग्नकार्यात सगळ्यांच्या पुढे असायची, पण बारशाला कधी गेली नाही. घरातल्या कुणी तिला कारण विचारलं नाही आणि या लेखकानेही राणीला विचारलं नाही.

कादंबरी म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे, मान्य. पण मग मोकळीक घ्यायची ती इथे घ्या ना!

तुतानखामून अठरा-एकोणीस वर्षांचा असताना गेला. ही विशीच्या आसपास. मग ते पत्र. नवरा गेला, मला मुलगा नाही, तुमचा एक मुलगा पाठवा, माझ्या सेवकाशी मी लग्न करणार नाही, मला भीती वाटते, असं इजिप्तच्या एका विधवा राणीने हित्ती राजा (आजच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं राज्य) सुप्पिलुलिउमाला कळवलं. (ती राणी म्हणजे अंखेसेनामूनची आई नेफर्टिटी असेल असंही काही अभ्यासक म्हणतात. म्हणोत.) कादंबरीत हे पत्र म्हणजे सत्तेचा हव्यास! 'मला मुलगा नाही' लिहिताना त्या दोन पेट्या तिला आठवल्या नसतील? आत्याला तिची बाळं पन्नास वर्षांनीही आठवत होती हो.

हित्ती राजाने झन्नान्झा नावाचा मुलगा पाठवला, तो वाटेतच मेला. इजिप्तच्या गादीवर आय नावाचा म्हातारा दरबारी बसला. त्याचं आणि हिचं नाव एकत्र कोरलेली एक अंगठी मिळाली आहे. त्यानंतर ही पोर कुठेच दिसत नाही. तिची कबरसुद्धा अजून सापडलेली नाही.

तुतानखामूनच्या सोन्याच्या सिंहासनाच्या पाठीवर ती त्याच्या अंगाला तेल लावताना दिसते. किती कोवळी दोघं! ते चित्र पाहिलं की राग जरा उतरतो.

रविवारी वाचनकट्ट्यावर या पुस्तकावर बोलायला बोलावलंय. जाणार आहे. टोप आणि तेलांवर बोलणारे पुष्कळ येतील, मी त्या दोन मुलींवरच बोलणार. वेळ कमी पडला तर दुसऱ्या कुणाचा तरी मागून घेईन.