खुलासा : मिक्श्चर स्क्रू दीड आटा फिरवणे पुरेसे नाही

पुण्यातील बाइकस्वारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरत आहे : फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर जास्त मोकळा सोडणारा) आणि उघडा एअर फिल्टर बसवल्यावर कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) मिक्श्चर स्क्रू दीड आटा बाहेर काढावा, जेट (पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बदलण्याची गरज नाही. ही माहिती अपुरी आहे आणि काही गाड्यांसाठी चक्क उलटी आहे.

हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि थ्रॉटल जेमतेम उघडा असताना परिणाम करतो. त्यापुढे निडल (थ्रॉटलबरोबर वर सरकणारी सुई) आणि पूर्ण थ्रॉटलला मेन जेट पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. हवा वाढली आणि जेट तोच राहिला, तर कात्रजचा घाट चढताना, म्हणजे नेमका इंजिनावर ताण असताना, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापते. शिवाय स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सहसा हवेचा असतो आणि बाहेर काढल्यास मिश्रण आणखी लीन होते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू मात्र पेट्रोलचा असतो आणि तो बाहेर काढल्यास मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते. मेसेजमध्ये हा भेदच नाही.

खरे-खोटे स्पार्क प्लग सांगतो. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून पाहावा : बिस्किटी रंग योग्य, पांढरट म्हणजे लीन, कोरडी काजळी म्हणजे रिच. लीन असल्यास मेन जेट एकेका मापाने वाढवावा आणि दर वेळी प्लग पुन्हा तपासावा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच ग्रुपवर हा खुलासा टाकावा.