‘डिव्होशन’मध्ये ‘देव’ नाही

‘इंग्रजीतला डिव्होशन हा शब्द संस्कृत ‘देव’पासून आला. देवाचा तो डिव्होटी. सिकंदराच्या सैन्याबरोबर हा शब्द युरोपात गेला आणि तिथेही त्याचा अर्थ पहिल्यापासून भक्ती हाच आहे.’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. संस्कृतवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच तो खटकतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी फोड. मूळ लॅटिन क्रियापद ‘देवोवेरे’. ते कानाला ‘देव’च्या आणखी जवळचं लागतं, हे कबूल. पण त्यात ‘दे’ हा उपसर्ग आहे आणि ‘वोवेरे’ म्हणजे नवस बोलणं, व्रत घेणं. उपसर्ग काढला तरी उरलेला शब्द स्वतंत्रपणे नांदतो. त्याच्याच ‘वोतुम्’ या रूपापासून इंग्रजीत शपथेसाठीचा ‘व्हाउ’ आणि मतासाठीचा ‘व्होट’ आले. ‘देव’ मधोमध चिरल्याशिवाय हे जमणार नाही.

‘देव’चे लॅटिनमधले खरे सगेसोयरे वेगळे आहेत: ‘देउस’ आणि ‘दिवुस’. त्यांच्यापासून इंग्रजीत ‘डीइटी’ आणि ‘डिव्हाइन’ आले. या कुळाच्या मुळाशी उजळ आकाशाची कल्पना आहे, नवसाची नाही. ‘डिव्होटी’ तर फारच अलीकडचा. सतराव्या शतकात इंग्रजीनेच ‘डिव्होट’ला प्रत्यय लावून तो घडवला.

सिकंदर सिंधूपाशी पोहोचला इ. स. पू. 326 मध्ये. ‘वोवेरे’चा ग्रीक भाऊबंद ‘एउखोमाइ’, म्हणजे प्रार्थना करणं किंवा नवस करणं, होमरच्या काव्यात आहे आणि ते काव्य सिकंदराच्या कित्येक शतकं आधीचं. घरातच असलेला शब्द सैनिकांनी बाहेरून कशाला आणावा? इंग्रजीत ‘डिव्होशन’ फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात शिरला.

सगळ्यात मोठी चूक अर्थाची आहे, आणि तिथेच या शब्दाचा इतिहास थरारक होतो. रोमन लोकांची ‘देवोतिओ’ म्हणजे स्वतःला मृत्यूच्या स्वाधीन करणं. लिवी या इतिहासकाराने ती सविस्तर वर्णिली आहे. इ. स. पू. 340 मध्ये लॅटिन शहरांशी चाललेल्या लढाईत रोमनांची एक फळी मागे हटू लागली, तेव्हा सेनापती देकिउस मुस याने पुरोहिताला बोलावलं. डोक्यावरून वस्त्र घेऊन, भाल्यावर उभं राहून, हनुवटीला हात लावून तो पुरोहितामागून मंत्र म्हणाला: शत्रूच्या सैन्यासह मी स्वतःला पाताळातल्या देवतांना आणि पृथ्वीला अर्पण करतो. मग घोड्यावर चढून तो एकटा शत्रूत घुसला आणि पडला. इ. स. पू. 295 मध्ये सेंतिनुमच्या रणांगणावर त्याच्या मुलाने तेच केलं, असंही लिवी सांगतो. हाच शब्द लॅटिनमध्ये शापासाठीही वापरत, कारण शाप देणं म्हणजे दुसऱ्याला त्या देवतांच्या हवाली करणं. त्याला उपासनेचा, ईश्वरनिष्ठेचा सौम्य अर्थ पक्का चिकटला तो ख्रिस्ती लॅटिनमध्ये. एखाद्या कामाला वाहून घेणं हा अर्थ त्याच्याही नंतरचा.

मग संस्कृतशी नातं नाहीच का? आहे, आणि संदेशातल्या नात्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. ‘वोवेरे’च्या धातूचा संस्कृतमधला वारस ऋग्वेदात सापडतो: ‘वाघत्’, म्हणजे स्तुती करणारा, यज्ञ करणारा. आणि ‘डिव्होशन’च्या शेपटातला ‘शन’ लॅटिन ‘तिओ’पासून आला. त्या ‘तिओ’तला ‘ति’ हा भक्ति, गति, मति यांतल्या ‘ति’चाच सख्खा भाऊ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेली नसेल, असं विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं होतं. तिथे संस्कृत लॅटिनची आई नाही, बहीण आहे.