डावीकडून तिसरा घोडा

कोल्हापुरात राहून निवांत सिनेमा बघणं अवघड आहे. गर्दी, गोंगाट, पॉपकॉर्नचे दर ही सगळ्या गावांची दुखणी. आमचं निराळंच आहे, या गावात प्रेक्षकच शिल्लक नाहीत. जो भेटेल त्याच्या घरातलं कुणीतरी 'लाईनीत' होतं. कुणाचा आजा शालिनी स्टुडिओत सुतार, कुणाची चुलत आत्या तमाशाच्या सीनला मागे बसलेली, कुणाच्या पाहुण्यांनी शूटिंगला बैलजोडी दिलेली. बैलांची नावंसुद्धा सांगतात. बाबूराव पेंटरांनी इथेच कॅमेरा बनवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला आणि त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरने कात्री लावली. ज्या गावाची सुरुवातच अशी, तिथे पुढे कुणी भाबडेपणाने पडद्याकडे बघेल ही आशा सोडलेली बरी. १९३३ साली 'प्रभात' फिल्म कंपनी पुण्याला गेली, त्याबद्दल तर आमच्या पेठेत अजून असं बोलतात, की आत्ता गाडी काढली तर साताऱ्यात गाठता येईल.

आमच्या घराचा वाटा म्हणजे आजोबा. भालजी पेंढारकरांच्या एका चित्रपटात ते मावळा होते. कुठल्या, यावर घरात दोन पक्ष आहेत आणि लग्नकार्यात ते एका पंगतीला बसत नाहीत. जागेबद्दल मात्र एकमत आहे, डावीकडून तिसरा घोडा. आजोबांचा चेहरा दिसत नाही, घोड्याचा दिसतो. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळला, त्यात आबांचा, म्हणजे आजोबांचा, क्लोजअप गेला, असं आप्पांचं म्हणणं. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नजर शाबूत, आणि टीव्हीसमोरची मधली खुर्ची त्यांची.

मला सिनेमा-सिरीजचा नाद आहे, हे पेठेत जाहीर आहे. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर 'अ‍ॅडोलसन्स' आली. ब्रिटिश मालिका, चारच भाग, आणि प्रत्येक भाग कट न घेता एका दमात चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनासाठी पोलीस पहाटे घरातून उचलतात, इथून सुरुवात. मी ठरवलं, ज्यांनी एका दमात काढली त्यांच्या मानासाठी आपणही एका दमात बघायची. दिवे मालवले. पोलिसांनी दार फोडलं.

"नवं दार हाय," आप्पा म्हणाले. "जुनं असं फुटत न्हाई."

मी त्यांना समजावून सांगितलं की आप्पा, यात कट नाही, कॅमेरा सलग फिरतोय. तिथून पुढे गोष्ट संपली आणि कट शोधायचं काम सुरू झालं. पोलीस कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला की आप्पा खुर्चीतून अर्धे उठायचे. "ह्यो बघ! पाठ आडवी आली. हितं जोडलंय." पाठीआड जोड लपवायची युक्ती जुनी आहे हे खरं, आणि आप्पांना ती ठाऊक आहे याचं मला कौतुकही आहे, पण समोर एक बाप आपल्या पोराची झडती घेतली जाताना बघतोय आणि माझ्या शेजारी पाठी मोजणं चाललंय. शेवटी, नाहीच कट, हे मान्य झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग एडिटर पगार कशाचा घेतो?"

बरं, दिग्दर्शकाने जे कट घेतले नाहीत ते आमच्या घराने घेतले. मुलाला गाडीत घालून ठाण्यावर नेताहेत तोच आई आतून ओरडली, "पाणी आलं!" महापालिकेचं पाणी आणि कथेचा कळस यांचं आमच्या भागात काहीतरी संगनमत आहे. पिंप भरून परत आलो तर बायकोने "तेवढ्यात" बातम्या लावल्या होत्या. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला अडकतो, गावावरून उडत जातो आणि खाली उतरून बापाच्या चेहऱ्यावर थांबतो. जगभर वाहवा झालेला हा शॉट मी अजून सलग बघितलेला नाही, कारण कॅमेरा उडाला तसा आप्पांनी रिमोट घेतला आणि ट्रॉली म्हणजे काय, ती रुळांवरून ढकलायला किती माणसं लागत, त्यातला एक पेठेतला कोण, हे सगळं सांगितलं. ड्रोन तेवढा वेळ हवेत.

तिसरा भाग मात्र त्यांनी मुकाट बघितला. एक खोली, मानसशास्त्रज्ञ बाई आणि तो मुलगा, जवळजवळ तासभर नुसतं बोलणं. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत छोट्या पडद्यावर यापेक्षा भीतिदायक काही झालं नाही, आणि त्यात भूत नाही, रक्त नाही, दार वाजणं नाही. संपल्यावर मी सांगितलं, की या पोराचं, ओवेन कूपरचं, हे पहिलंच काम, आणि त्याला एमी पुरस्कार मिळाला. आप्पा सुन्न झाले. मुलाच्या अभिनयाने असेल असं मला वाटलं.

"पयलंच काम?" ते म्हणाले. "म्हणजे गर्दीत उभा न राहता?"

'पंचायत' या हिंदी वेब सिरीजचं दुखणं वेगळं. आमच्या समोर निवृत्त ग्रामसेवक राहतात. नोकरीभर गावोगाव त्यांना भाऊसाहेब म्हणत, ते नाव निवृत्तीनंतरही निघालं नाही. फुलेरा गाव बलियाचं म्हणून दाखवतात आणि चित्रीकरण मध्य प्रदेशात सिहोरजवळच्या महोडियात झालंय, ही माझी माहिती मी मोठ्या ऐटीने दिली. भाऊसाहेबांना त्याचं काही नाही. त्यांचा आक्षेप एकच, नायकाला, म्हणजे पंचायतीच्या सचिवाला, टाकीवर बसून चहा प्यायला वेळ मिळतो कधी? "ह्याच्याकडे एकच गाव दिसतंय. आम्हाला दोन-दोन असायची, वर घरकुलाच्या याद्या."

२०२५ च्या जूनमध्ये चौथा हंगाम आला, तो सगळा निवडणुकीचा. गावच्या प्रधान मंजूदेवींचं चिन्ह दुधी भोपळा, विरोधातल्या क्रांतीदेवींचं प्रेशर कुकर. सरपंचपदापासून दूध संस्था, सोसायटी, साखर कारखान्यापर्यंत वर्षभर कुठली ना कुठली मोजणी चालू असलेल्या जिल्ह्यात हा विषय काढणं म्हणजे माझ्या शांततेला सुरुंग. भाऊसाहेब पहिल्याच भागाला म्हणाले, "ही मंजूदेवी पडते." मी म्हटलं, अहो असं कसं, नायकाच्या बाजूची आहे ती. त्यांनी वहीचं पान मागितलं. घरं किती, भावकी कुणाची, कोण नाराज, कोण वरवर गोड. आठवा भाग बघायची गरजच उरली नाही. पडली. माझ्या मते हा हंगाम लांबला होता आणि पहिल्या दोन हंगामांतली ती रिकामी दुपार, जिच्यात काहीच घडत नाही आणि तरी उठवत नाही, ती राजकारणाने खाल्ली. भाऊसाहेबांच्या मते पहिल्यांदाच काहीतरी खरं दाखवलं.

संध्याकाळी सातनंतर टीव्ही आईचा. त्याबद्दल थोडक्यात बोलतो, कारण जेवण तिच्याच हातचं आहे. वसगड्यात 'तुझ्यात जीव रंगला'चं शूटिंग चालायचं तेव्हा आमची निम्मी भावकी तो वाडा बघून आली होती. तेव्हापासून मालिकेत कोल्हापूर आलं की आईची तपासणी सुरू होते. मालिकांमधल्या कोल्हापुरात रोज तांबडा-पांढरा असतो. मटणाचा दर कुणी काढत नाही, सोमवार-शनिवार कुणाला नाही, आणि एवढा रस्सा करून भांडी घासताना एकही सून दिसत नाही. सुनेच्या विरुद्ध विष कालवणारी सासू आईला पटते. तिच्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा नाही, ते मात्र पटत नाही.

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला, तेव्हा आप्पांना घेऊन मल्टिप्लेक्सला गेलो. व्हीनस, उमा असल्या टॉकीजच्या बाकांवर घडलेला माणूस. मागे झुकणाऱ्या खुर्चीत ते असे अवघडले, की दंतवैद्याकडे आणलंय की काय असं त्यांना वाटलं असावं. लढाई सुरू झाली तसे कानाशी आले. "निम्मे घोडे कॉम्प्युटरचे." कसं ओळखलं? "सगळे सरळ पळालेत. खरा घोडा शूटिंगला कवा सरळ पळतो?" मध्यंतरापर्यंत घोड्यांचा हिशेब चालला. शेवटच्या भागात मात्र हिशेब थांबला, ते नुसते बसले होते, आणि आमच्या रांगेत नाक ओढल्याचे आवाज येत होते. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "विकी कौशल बसतो चांगला घोड्यावर. आबांवानी न्हाई." पार्श्वसंगीत थोडं आवरलं असतं तर बरं झालं असतं, असं माझं मत झालं होतं. ते मी मनात ठेवलं. राहायचं याच गावात आहे.

आणि मग मधे आमच्याच गल्लीत एका वेब सिरीजचं शूटिंग लागलं. बाजाराचा सीन होता, गर्दी हवी होती. आप्पा इस्त्रीचा सदरा, फेटा घालून सकाळी सहाला हजर. संध्याकाळी परतले ते उन्हाने लाल होऊन आणि भलतेच खूश. दिग्दर्शकाने, म्हणे, "ते फेटेवाले काका जरा पुढे घ्या" असं सांगितलं. तिथून पुढे रोज सकाळी मला एकच प्रश्न, "आली का?"

आली. गल्लीतल्या ज्यांच्या घरी मोठा टीव्ही आहे तेसुद्धा आमच्याकडे आले, कारण उभं राहण्याचा मान आमच्या घराचा होता. मी पहिल्या भागापासून लावायला गेलो तर बोंबाबोंब. बाजाराचा सीन कुठल्या भागात, कुणाला माहीत नाही, म्हणून पुढे ढकलत, ढकलत गेलो. खून झाला, लग्न मोडलं, कुणीतरी दुबईला पळालं, सगळं झरझर. पाचव्या भागात बाजार दिसला आणि आतून आई पोळपाट टाकून धावली.

थांबव. मागे घे. थोडं मागे. आता पुढे. थांबव!

नायिका भाजी घेत होती. तिच्या खांद्यामागे अर्धा फेटा, एक कान आणि मिशीचं टोक. बायकोने मोबाईलने टीव्हीचा फोटो काढला, भाऊसाहेबांनी तो गावाकडच्या ग्रुपवर टाकला, आत्याने तिकडून फोन करून, कान आबांवर गेलाय, असं सांगितलं. नंतर जेवढे येतील तेवढ्यांसाठी तोच शॉट. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. रिमोटचं मागे घ्यायचं बटण त्या दिवसापासून जरा बसकं झालंय.

सगळे निघाल्यावर मी म्हटलं, "आप्पा, आता पहिल्यापासून बघूया का? गोष्ट तर कळू दे."

आप्पा फेटा घडी घालत होते. "गोष्टीचं काय एवढं," म्हणाले. "माझा सीन झालाय. झोप आता."