पंपाचा दांडा आणि जॉन स्नोचा खरा पुरावा

'ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला तेव्हा कॉलऱ्याची साथ ओसरतच आली होती, मग जॉन स्नोला एवढं डोक्यावर का घेता?' असं तुम्ही विचारलंत.

स्नो हा लंडनचा डॉक्टर. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याच्याच सांगण्यावरून हा दांडा काढला गेला. तारखा तुम्ही बरोबर दिल्यात. लंडनच्या सोहो भागात, जिथे हा पंप होता, साथ भडकली ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री, दांडा निघाला ८ सप्टेंबरला. तोवर मृत्यू घटले होते, लोक घरं सोडून गेले होते. दांड्यामुळेच साथ थांबली असा दावा स्नोनेही केला नाही.

तरी दांडा काढणं वाया गेलं नाही. हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण पाद्र्याने पुढे माग काढला. ४० नंबरच्या घरातल्या तान्ह्या मुलीला जुलाब होत होते. तिची दुपटी धुतलेलं पाणी घराच्या मैलाखड्ड्यात जाई. खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि पंपाची विहीर तिथून जेमतेम तीन फुटांवर. बाळ २ सप्टेंबरला गेलं. तिचे वडील आजारी पडले ते नेमके ८ सप्टेंबरला! पंप चालू राहिला असता तर दुसरी लाट येणं सहज शक्य होतं.

पण माझ्या मते स्नोचं मोठेपण सोहोत नाहीच, ते थेम्स नदीच्या दक्षिणेला आहे. तिथे कित्येक रस्त्यांत लॅम्बेथ आणि साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल या दोन पाणीपुरवठा कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. लॅम्बेथने १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेली. दुसरी कंपनी बॅटरसीलाच, लंडनच्या सांडपाण्यात, पाणी भरत राहिली. मृत्यू झालेल्या घरी जाऊन स्नो विचारी, पाणी कोणाचं? भाडेकरूंना बहुधा ठाऊक नसे. मग तो पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे मीठ ओळखायचं रसायन, टाकी. बॅटरसीपर्यंत भरतीचं पाणी येई, म्हणून तिथल्या पाण्यात मीठ सुमारे चाळीसपट. त्यात दाट पांढरा साका बसे, लॅम्बेथच्या पाण्यात नावापुरता.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे मृत्यू निघाले साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचे ३१५ आणि लॅम्बेथचे ३७. शंका घ्यायचीच तर इथे घ्या: घरांचे आकडे कंपन्यांच्या संपूर्ण क्षेत्राचे होते, फक्त सामाईक रस्त्यांचे नव्हते. सरकारी वैद्यकीय अधिकारी जॉन सायमन यांनी १८५६ मध्ये माणसांमागे हिशेब मांडला, तेव्हा १८५३-५४ च्या साथीत दहा हजारांमागे, त्याच क्रमाने, १३० आणि ३७ मृत्यू आले. १८४८-४९ च्या साथीत, म्हणजे लॅम्बेथ अजून शहरातलंच घाण पाणी देत होती तेव्हा, हेच आकडे ११८ आणि १२५ होते.