गार गाडीची टकटक

आमची गाडी 1998ची. गेल्या थंडीत ती सकाळी सकाळी बोलायला लागली. स्टार्टर मारला की बॉनेटखालून टक-टक-टक, जणू आत बसून कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय. रेस केली की कातरणाऱ्याला घाई. रंकाळ्यावर फिरायला निघालेली माणसं थबकायची, आणि थबकलेला कोल्हापूरकर रोगनिदान केल्याशिवाय पुढं जात नाही. तिघं म्हणाले, "टॅपेट हाय." चौथा म्हणाला, "इकून टाका."

बहुमत मानून टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारे भाग, सेट करून घेतले. पैसे गेले, सुपारी राहिली.

मग उद्यमनगरातले मिस्त्रीमामा गाठले. घरातून निघताना टकटक जोरात, मिरजकर तिकटीला निम्मी, आणि मामांच्या दारात गाडी गप्प. दिवसभर पाढे घोकणारं पोर पाहुण्यांपुढं मुकं होतं ना, अगदी तसं.

"कुठं काय वाजतंय?" मामा म्हणाले.

"सकाळी वाजत होतं."

"मग सकाळी आणा की."

सकाळी आणली. आणेपर्यंत तापली, तापली तशी गप्प झाली. असे तीन हेलपाटे झाल्यावर मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की आवाज गाडीतून येतोय की माझ्या डोक्यातून, ही शंका मलाच यायला लागली. बायकोला ती आधीपासून होती.

शेवटी गाडी रात्रभर मामांकडंच ठेवली आणि मी केएमटीच्या बसनं घरी आलो. सकाळी साडेसहाला पोचलो तर मामा एका कानात रबरी नळी धरून, तिचं दुसरं टोक इंजिनाच्या कडेकडेनं फिरवत होते. तिसऱ्या सिलिंडरपाशी नळी थांबली. तिथं हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, मिशीसारखी काजळी उमटली होती.

"टॅपेट न्हवं. मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालंय."

मॅनिफोल्ड म्हणजे चारी सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं धाडणारा बिडाचा पंजा. तो आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग उडालं की गार असताना फटीतून धूर फटफटतो. बीड तापून फुगलं की फट बुजते आणि गाडी साळसूद होते. काचा लावून बसल्यावर आत धुराचा वास यायचा, तो मी इतके दिवस पुढच्या बसच्या नावावर खपवत होतो. हे मात्र हसण्यावारी न्यायचं नव्हतं. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि तो माणूस मारतो.

पॅकिंग स्वस्त निघालं. महाग पडले ते स्टड, म्हणजे इंजिनात रुतवलेले, मॅनिफोल्ड धरून ठेवणारे बोल्ट. पंचवीसेक वर्षं तापून-गार होऊन नट-स्टडचा असा संसार जमला होता की सुटायची इच्छा कुणालाच नव्हती. मामांनी आधीच तेल सोडून ठेवलं होतं. पहिले सहा नट कुरकुरत आले. सातव्याला पाना लावला, मामांनी श्वास रोखला, आणि पाना एकदम हलका फिरला. आवाजसुद्धा मोठा नाही. नुसतं 'कट्'. शेजारच्या लेथवरचा पोरगा मशीन बंद करून बघायला आला. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मी टोपी घातली असती तर काढली असती.

मग तुटलेल्या स्टडच्या उरलेल्या खुंटावर एक नट ठेवून त्याला वेल्डिंग मारलं. त्या धगीनं गंजाची पकड ढिली झाली आणि खुंट कर्रर्र करत बाहेर आला. मॅनिफोल्डवर सपाट पट्टी ठेवून बघितली तर खालून उजेड दिसत होता. बीड वाकलं होतं. आता या गावात बीड ओतणारे आणि घासणारे पावलापावलावर. तो लेथवरचा पोरगाच मॅनिफोल्ड काखेत मारून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, घेऊन गेला, वर मलाच ऐकवून, "काका, बीड हाय ते, थोडं लवकर आणायचं की."

नवे स्टड, नवं पॅकिंग, मधल्या नटापासून सुरू करून कडेकडेला जात आवळणं. दुपारी गाडी चालू केली तर एकदम शांत. पण ती गरमच झाली होती, तेव्हा तिच्या शांततेवर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, स्वेटर घालून, किल्ली फिरवली. टकटक नाही. कडक चहा केला आणि मामांना फोन लावला.

"झ्याक," मामा म्हणाले. "आता शे-दोनशे किलोमीटर पळवा आन् परत आणा. नवं पॅकिंग बसतंय, नट एकदा आवळाय लागत्यात."

"आणतो की."

"फकस्त एक. येताना गाडी गार पायजे."