गावात इलाज नाही, हे खरं नाही

एक संदेश सध्या या हातातून त्या हातात फिरतोय. "तंबाखू, सिगारेट, जुगार, मोबाइल गेम यांवर गावात इलाज नाही. शहरातल्या केंद्रात महिनाभर भरती करा. ते जमत नसेल तर मन घट्ट करून एका झटक्यात सोडा. निकोटिनच्या गोळ्या म्हणजे एक व्यसन जाऊन दुसरं. आणि गेम-जुगार हा आजार नाही, फाजील लाड आहेत." पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण तो वाचून कुणी 'शहरात जाणं झालं की बघू' म्हणत आणखी एक वर्ष काढलं, तर ते वर्ष त्याच्याच आयुष्यातून जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी भरतीचं. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे भरतीला कारण असतं. निकोटिन, म्हणजे तंबाखूतला सवय लावणारा पदार्थ, सुटताना चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते, तलफ छळते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. हे सगळं घरी राहून, काम सांभाळून निभावता येतं, आणि निकोटिनचा उपचार बहुतेक ठिकाणी तसाच होतो. त्यासाठी जवळचा साधा डॉक्टर पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की दवाखान्यात कुठल्याही कारणाने आलेल्या प्रत्येक तंबाखू घेणाऱ्याला अर्ध्या ते तीन मिनिटांचा सल्ला द्यावा. तुमच्या डॉक्टरने आपणहून विषय काढला नसेल, तर तुम्ही काढा. "मला तंबाखू सोडायची आहे, औषध द्याल का?" एवढं वाक्य पुरेसं आहे. खोकल्यासाठी गेलात तेव्हाच विचारलंत, तर गावात चर्चाही होत नाही. लहान गावात ही भीती खरी असते, ती मी हलकी मानत नाही.

'मन घट्ट करा' हा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो. मनाच्या बळावर सोडणारे आहेत, त्यांना नमस्कार. पण कसलीही मदत न घेता केलेल्या प्रयत्नांत वर्षभर टिकणारे शंभरात साधारण ३ ते ५ असतात. उरलेले ९५ कमकुवत मनाचे नसतात. निकोटिनची सवय लागलेला मेंदू दर थोड्या तासांनी ते मागतो, आणि नापास झाल्याची लाज माणसाला पुढच्या प्रयत्नापासून लांब ठेवते.

आता गोळ्यांचं. सिगारेटच्या धुरातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. त्या झटक्यातच व्यसनाचं मूळ आहे. निकोटिनच्या च्युइंगममधून किंवा त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून ते सावकाश येतं, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येत नाही, आणि मात्रा ठरवून कमी करत न्यायची असते. या साधनांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. पट्टी आणि च्युइंगम एकत्र वापरले तर आणखी वाढते. २००९ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. बऱ्याच जणांना "काही उपयोग झाला नाही" असं वाटतं, कारण ते च्युइंगम नेहमीसारखं चावत राहतात आणि त्याचा रस गिळतात. ते सावकाश चावायचं, तोंडात चुणचुणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावायचं, असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. पोटात गेलेलं बरंचसं यकृतातच संपतं. कॉफी, सरबतासारखं आंबट पेय आधीची १५ मिनिटं नको. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचं घ्यावं लागतं. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्यांत निकोटिन नसतंच. त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि झटक्यांचा आजार असेल तर ब्युप्रोपिऑन नाही. गरोदर बाईने यातलं काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नये.

गेम-जुगार म्हणजे लाड? जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात जुगाराचा आणि गेमिंगचा विकार नशेच्या विकारांच्याच गटात आहेत. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असून चालूच राहणं, ही खूण. गेम जास्त खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो, हेही तितकंच खरं. यावर मुख्य उपचार बोलण्याचा, वागणुकीचा. आणि बोलणं फोनवरून होतं. व्हिडिओला रेंज नसली तर साधा कॉलही चालतो. समुपदेशकाला पहिल्याच वेळी तसं सांगून ठरलेला वार आणि वेळ मागून घ्या. सोबत पैशाचे व्यवहार काही महिने घरच्या एका विश्वासू माणसाकडे द्यायचे, जुगाराच्या खात्यांवर स्वतःची बंदी घालून घ्यायची, आणि कर्जाचा खरा आकडा त्या माणसाला सांगायचा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड असतं.

संदेशातली एक गोष्ट मात्र मान्य. गावात मनोविकारतज्ज्ञ मिळणं कठीण आहे, आणि काही वेळा शहर गाठावंच लागतं. जुगारात बुडालेला माणूस "आता जगून काय करू" म्हणू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या.